शर्यत पाहिली कोणी?

क्रिकेट पाहणाऱ्याला प्रत्येक चेंडू दिसतो. कुस्तीच्या फडात पहिल्या रांगेतल्या माणसाला मल्लांचा श्वासही ऐकू येतो. रस्त्यावरील सायकल-शर्यतीच्या चाहत्याच्या वाट्याला हे भाग्य नाही. आल्प्स किंवा पिरेनीज पर्वतातल्या एखाद्या घाटात तो आदल्या संध्याकाळीच जाऊन मुक्काम करतो, आपल्या आवडत्या स्पर्धकाचे नाव रस्त्यावर पांढऱ्या रंगाने लिहितो, दुसऱ्या दिवशी उन्हापावसात तासन्‌तास तिष्ठतो; आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप, ते स्पर्धक काही क्षणांत त्याच्यापुढून निघून जातात. सपाटीवर उभा असेल तर शे-दीडशे सायकलींचा घोळका अर्ध्या मिनिटात दिसेनासा होतो. कोण पुढे निसटला, कोणाचे चाक पंक्चर झाले, कोण कोणाच्या आडोशाने चालला होता, यांतले काहीही त्याने पाहिलेले नसते. ते त्याला संध्याकाळी रेडिओवर ऐकावे किंवा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचावे लागे. दूरचित्रवाणीने आणि हेलिकॉप्टरमधल्या कॅमेऱ्याने ही उणीव आता बरीच भरून काढली आहे. तथापि पाच-सहा तास स्पर्धकाच्या देहात आणि मनात जे चालते ते कॅमेऱ्यालाही दिसत नाही.

या खेळाविषयीच्या वाङ्मयाचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. इतर खेळांत आधी खेळ जन्मतो आणि मागाहून त्याचे वर्णन येते. येथे क्रम उलटा आहे. ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ मध्ये ‘लोतो’ या पॅरिसच्या क्रीडा-दैनिकाने आपला खप वाढावा म्हणून काढली. कल्पना जेओ लफेव्र या तरुण वार्ताहराची, आणि ती अमलात आणणारा संपादक आंरी देग्रांज. साठ स्पर्धक निघाले, सहा टप्प्यांत २,४२८ किलोमीटर धावले, एकवीस जण परत पोहोचले, मोरिस गारें पहिला आला. एवढा लांब पल्ला कोणा एका माणसाला डोळ्यांनी पाहता येणे अशक्य होते, आणि वर्तमानपत्राला तेच हवे होते. जे पाहता येत नाही ते वाचावे लागते. ‘लोतो’ पिवळ्या कागदावर छापले जाई. १९१९ पासून शर्यतीत आघाडीवर असलेल्याच्या अंगात पिवळा सदरा आला. इटलीतील ‘जिरो दितालिया’ ही शर्यत १९०९ मध्ये ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ने काढली, त्या दैनिकाचा कागद गुलाबी, म्हणून १९३१ पासून तेथील आघाडीचा सदरा गुलाबी. स्पर्धकाच्या पाठीवर जो रंग चढतो तो मुळात कागदाचा रंग आहे, हे किती चाहत्यांच्या लक्षात येते कोण जाणे!

तेव्हा या वाङ्मयाला केवळ शैलीच्या कसोटीवर तोलून भागणार नाही, असे माझे मत आहे. साक्षीदाराला जो प्रश्न विचारतात तो येथे लेखकाला विचारावा लागतो: तू तेथे होतास काय, आणि असशील तर तू नेमके काय पाहिलेस?

हा प्रश्न पहिल्यांदा अडचणीचा ठरला तो आल्बेर लोंद्र या पत्रकाराच्या बाबतीत. लोंद्रने १९२३ मध्ये फ्रेंच गयानातील काळ्या पाण्याच्या वसाहतीवर वार्तापत्रे लिहून सरकारला हादरवले होते. पुढच्याच वर्षी ‘ल पती पारिझियें’ने त्याला टूरवर धाडले. तिसऱ्या टप्प्यात आदल्या वर्षीचा विजेता आंरी पेलिस्ये याने शर्यत सोडली. कारण ऐकायला क्षुल्लक वाटेल. निघताना अंगावर असलेले सर्व कपडे घेऊनच टप्पा पुरा केला पाहिजे असा देग्रांजचा नियम होता. पहाटेच्या थंडीत घातलेला जादा सदरा ऊन चढल्यावर काढून टाकण्याची मुभा नव्हती. सदरे मोजायला अधिकारी आले आणि पेलिस्येचा स्वाभिमान दुखावला. कुतांस गावातील स्थानकासमोरच्या कॅफेत लोंद्रने त्याला, त्याचा भाऊ फ्रान्सिस आणि सहकारी मोरिस व्हिल यांच्यासह गाठले. तिघांनी पिशव्यांतून बाटल्या काढून टेबलावर मांडल्या: डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, शिवाय गोळ्या. ‘रस्त्यावरील सक्तमजुरीचे कैदी’ या अर्थाचा जो शब्दप्रयोग पुढे या खेळाला कायमचा चिकटला, तो या वार्तापत्रांमुळे.

गंमत अशी, की बऱ्याच वर्षांनी फ्रान्सिस पेलिस्येने सांगून टाकले की लोंद्र मोठा पत्रकार खरा, पण सायकलीतले त्याला फारसे कळत नव्हते, आणि आम्ही त्याची थोडी फिरकी घेतली. मग लोंद्रची साक्ष खोटी म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. बाटल्यांचे तपशील फुगवलेले असतीलही, परंतु त्या काळी स्पर्धक असली द्रव्ये घेत, हे गुपित नव्हते. त्याने जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले. त्याला जे दाखवले गेले ते मात्र नटवलेले होते. कुमसार ऐकणाऱ्या कोणाही धर्मगुरूला हा भेद चांगला ठाऊक असतो.

दिनो बुत्सातीची गोष्ट निराळी. ‘तार्तरांचे वाळवंट’ या १९४० च्या कादंबरीने नावारूपास आलेल्या या लेखकाला ‘कोरिएरे देल्ला सेरा’ने १९४९ च्या ‘जिरो’वर पाठवले. त्याची वार्तापत्रे १९८१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि १९९९ मध्ये इंग्रजीत आली. युद्ध संपून चार वर्षे झालेला तो इटली देश. शर्यत सिसिलीतल्या पालेर्मोहून निघते आणि भग्न पुलांवरून, पडझड झालेल्या गावांतून उत्तरेकडे सरकते. कासिनो येथे, जेथे संत बेनेडिक्टचा मठ १९४४ मध्ये बाँबफेकीत जमीनदोस्त झाला होता, बुत्साती शर्यत सोडून ढिगाऱ्यांकडे आणि तेथे पडलेल्या सैनिकांकडे वळतो. पुस्तकातली ही पाने मला सर्वांत थोर वाटतात. वेगाने जाणाऱ्या जिवंत तरुणांना मृतांच्या नजरेतून पाहण्याची ही रीत एखाद्या कादंबरीकारालाच सुचावी.

परंतु पुस्तक गाजले ते १० जून १९४९ च्या टप्प्यामुळे. कुनेओ ते पिनेरोलो, २५४ किलोमीटर, मध्ये पाच खिंडी: माद्दालेना, व्हार्स, इझोआर, मोंजनेव्र आणि सेस्त्रिएरे. फाउस्तो कोप्पी एकटाच पुढे निसटला, १९२ किलोमीटर एकट्याने धावला आणि जिनो बार्तालीच्या पावणेबारा मिनिटांहूनही अधिक आधी पोहोचला. कोप्पी २९ वर्षांचा, बार्ताली पस्तिशीला आलेला. बुत्सातीला होमर आठवला: अकिलीसच्या हातून पडलेला हेक्टर. ही उपमा अवजड तर होत नाही ना, अशी शंका त्यालाही येते आणि ती तो लपवीत नाही. पराभूताकडे त्याचा ओढा आहे. कोप्पीविषयीचा त्याचा आदर थंड आहे. बार्तालीविषयी लिहिताना त्याचा शब्द ओलावतो. ही उपमा टिकते, कारण ती पराक्रमाला फुगवण्यासाठी आलेली नसून म्हातारपणाच्या पहिल्या स्पर्शाला नाव देण्यासाठी आली आहे. त्या दिवशी मारिओ फेर्रेत्तीने रेडिओवरून एकट्या आघाडीवर असलेल्या कोप्पीची जी वार्ता दिली, ते वाक्य इटालियन माणसे अजून तोंडपाठ म्हणतात. रोममधील माझ्या अध्ययनाच्या वर्षांत एका वृद्ध धर्मबंधूंनी ते मला म्हणून दाखवले होते. शर्यत त्यांनी पाहिली नव्हती. त्यांच्या गावाजवळून ती गेलीही नव्हती. पण बोलताना त्यांचे डोळे त्या घाटात होते.

बुत्सातीनंतर आठ वर्षांनी रोलां बार्थचा ‘मिथोलोजी’ हा संग्रह आला (१९५७), आणि त्यात टूर द फ्रान्सला महाकाव्य ठरवणारा निबंध आहे. आपल्या मराठी समीक्षेत बार्थचे नाव बरेच घेतले जाते. त्याचा हा निबंध मात्र क्वचितच कोणी वाचलेला आढळतो. स्पर्धकांची नावे, त्यांच्या स्वभावाचे ठरीव विशेष, निसर्गाला दिलेले मानवी रूप, मदत आणि विश्वासघात यांची नीती, या सर्वांत त्याला महाकाव्याचे घटक दिसतात. महाकाव्य म्हटले की आपल्यासारख्या वाचकाला फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ आठवावे हे साहजिक. तेथे कवी ज्या घटना गातो त्यांवर त्याची श्रद्धा असते. बार्थची कशावरही श्रद्धा नाही. तो यंत्र उघडून पाहणारा घड्याळजी आहे, आणि यंत्र कसे चालते हे तो अपूर्व कुशलतेने दाखवतो. मों व्हांतू हा उघडाबोडका, पांढऱ्या दगडांचा डोंगर त्याच्या लेखणीत बळी मागणारी दुष्ट देवता होतो. उत्तेजक द्रव्य घेणे हा देवाच्या हातची ठिणगी चोरण्यासारखा अपवित्र अपराध आहे, असे तो त्या महाकाव्याच्या तर्काने मांडतो.

निबंध १९५५ च्या शर्यतीच्या संदर्भात लिहिला आहे. त्याच वर्षी व्हांतूवर जां मालेजाक हा स्पर्धक बेशुद्ध होऊन कोसळला होता. तो वाचला. १३ जुलै १९६७ रोजी त्याच डोंगरावर, माथा हाकेच्या अंतरावर असताना, टॉम सिम्प्सन हा २९ वर्षांचा इंग्रज स्पर्धक कोसळला, आणि तो मात्र वाचला नाही. १९६५ चा तो जगज्जेता. त्याच्या शरीरात अँफेटामाइन आणि मद्य आढळले. वर उष्णता भयंकर होती. बार्थला या मृत्यूसाठी जबाबदार धरणे अर्थातच मूर्खपणाचे होईल. पण त्याचा निबंध आज वाचताना घशात काहीतरी अडकते. डोंगराला देवता आणि स्पर्धकाला बळी म्हणण्यात जी बुद्धीची मौज आहे, ती त्या उतारावरचे स्मारक आठवले की टिकत नाही. रूपकात शरीर नसते. सिम्प्सनला होते.

येथे आमच्या पंथाच्या लेखकांविषयीही एक शब्द बोलणे अगत्याचे आहे. सायकल-शर्यतीच्या यातनांना ‘क्रूसाची वाट’ म्हणण्याची एक खोड युरोपातल्या वार्ताहरांना आहे, आणि ती प्रवचनांतूनही ऐकू येते. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात शर्यतीचे रूपक वापरले, ते आपल्याला आधाराला मिळते. पण पौलाचे रूपक संयमाविषयी आणि ध्येयाविषयी आहे. यातनेची थोरवी तो तेथे गात नाही. स्पर्धकाची यातना त्याने हौसेने पत्करलेली असते, तिचा त्याला मोबदला मिळतो, आणि ती कोणाचे पाप वाहत नाही. तिला क्रूस म्हटल्याने क्रूस हलका होतो आणि स्पर्धकाचीही दिशाभूल होते.

या महाकाव्यात ज्यांना गाणे नाही त्यांच्यापैकी एकाने १९९० मध्ये तोंड उघडले. प्रत्येक संघात एक नायक असतो. बाकीचे त्याच्यासाठी वारा अडवतात, त्याचे चाक पंक्चर झाले तर आपले काढून देतात, मागे गाडीपाशी जाऊन सदऱ्यात बाटल्या कोंबून आणतात. फ्रेंचमध्ये त्यांना शब्दशः पाणक्ये म्हणतात. एकनाथांच्या घरी कावडीने पाणी वाहणाऱ्या श्रीखंड्याची कथा ज्या भाषेत आहे, त्या भाषेला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. पॉल किमिज हा आयरिश तरुण असा पाणक्या होता. त्याच्या ‘रफ राइड’ या पुस्तकात विजयाचे एकही वर्णन नाही, कारण व्यावसायिक शर्यतींत त्याने विजय मिळवलाच नाही. आहे ती थकव्याची, पगाराच्या चिंतेची, आणि आजूबाजूला सर्रास चालणाऱ्या सुयांची हकीकत. तीत त्याने स्वतःलाही वगळलेले नाही. गद्य रुक्ष आहे, बांधणी ढिली आहे. वाङ्मयीन गुणांची मोजदाद करायची तर बुत्सातीच्या शेजारी ते ठेवता येणार नाही. पण त्याला पुस्तकाचे पारितोषिक मिळाले आणि जुन्या सोबत्यांनी तोंड फिरवले, या दोन्ही गोष्टी साक्षीच्या बाजूने बोलतात.

किमिजच्या शेजारी आर्मस्ट्राँग ठेवून पाहावा. लान्स आर्मस्ट्राँगचे आत्मचरित्र सॅली जेन्किन्स यांच्या साहाय्याने २००० साली निघाले. कर्करोगातून उठून जगातली सर्वांत कठीण शर्यत जिंकणाऱ्या माणसाची ती कथा जगभर वाचली गेली. २०१२ मध्ये त्याची १९९९ ते २००५ ची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली, आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने उत्तेजक द्रव्ये घेतल्याची कबुली दिली. पुस्तकातले एक अक्षरही बदलले नाही, तरी त्याचा वाङ्मयप्रकार बदलला. समीक्षेला असा प्रसंग क्वचित लाभतो: तेच वाक्य, तोच अल्पविराम, पण काल ते आत्मचरित्र होते आणि आज नाही. आजाराविषयीची पाने मात्र खरी आहेत. तो खरोखरच मृत्यूच्या दारी जाऊन आला होता. एका रुग्णाच्या उशाशी हे पुस्तक मी पाहिले आहे. त्यातून त्याला मिळालेले बळ खरे होते, हे मी शपथेवर सांगेन. ते बळ त्याला ज्या साक्षीतून मिळाले ती अर्धी खोटी होती, हेही तितकेच खरे आहे. या दोन विधानांची सांगड कशी घालावी याचे पुस्तकी उत्तर मला सेमिनरीत कोणी शिकवलेले नाही.

म्हणूनच जिनो बार्तालीकडे वळताना आपण कॅथलिकांनी अधिक सावध असायला हवे. बार्ताली आपला. कार्मेलाइट तृतीय संघाचा सदस्य, ‘कॅथलिक ॲक्शन’चा कार्यकर्ता, त्याला ‘धर्मनिष्ठ जिनो’ म्हणत. १९३८ आणि १९४८ अशा दहा वर्षांच्या अंतराने त्याने टूर जिंकली. हे अंतर युद्धाने खाल्ले. जुलै १९४८ मध्ये कम्युनिस्ट नेते तोलियात्ती यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, देश यादवीच्या काठावर आला, आणि दे गास्पेरींच्या दूरध्वनीनंतर बार्तालीने आल्प्सचा टप्पा जिंकून इटलीला वाचवले, अशी कथा सांगतात. टप्पा त्याने जिंकला हे खरे. यादवी सायकलीने टळली, हे विधान इतिहासकारांनी पुष्कळ छाटले आहे.

दुसरी कथा अधिक मोलाची. जर्मन अमलाखालील इटलीत फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांच्या सांगण्यावरून बार्ताली सरावाच्या निमित्ताने असिसीपर्यंत जाई आणि सायकलीच्या नळ्यांतून ज्यूंसाठी बनावट ओळखपत्रे नेई, असे सांगितले जाते. त्याने हयातीत याविषयी फारसे बोलणे टाळले. तो २००० मध्ये वारला. २०१३ मध्ये यद वाशेमने त्याला राष्ट्रांतील नीतिमान म्हणून गौरवले. एका ज्यू कुटुंबाला त्याने आसरा दिला, याची साक्ष त्या कुटुंबातल्या मुलाने उतारवयात दिली आहे. असिसीच्या फेऱ्यांविषयी मात्र वाद आहे. त्या कथेचा बराचसा भाग अलेक्झांडर रामाती यांच्या १९७८ च्या पुस्तकातून पसरला, आणि ते पुस्तक कादंबरीच्या वळणाचे आहे. मिकेले सार्फात्ती या इतिहासकारांनी शंका उपस्थित केल्या. स्तेफानो आणि मार्को पिव्हातो यांनी २०२१ मध्ये ही कथा रचलेली आहे असे प्रतिपादणारे पुस्तकच लिहिले. यद वाशेमने आपला निर्णय बदललेला नाही. भक्तिपर नियतकालिकांतून बार्तालीची चरित्रे येतात, त्यांत या वादाची ओळही नसते. हे मला मान्य नाही. ज्या धर्मसभेने संतपदाच्या चौकशीत शतकानुशतके आक्षेप घेणारा अधिकारी नेमला, तिच्या लेखकांनी आक्षेपाला घाबरावे हे विचित्र आहे. आसऱ्याची साक्ष भक्कम आहे. तीवर उभे राहून बाकीची चौकशी चालू द्यावी. त्यामुळे बार्ताली लहान होत नाही.

कोमो सरोवराच्या वर, माग्रेलियो गावी, गिसाल्लोच्या मातेचे छोटे देवालय आहे. १३ ऑक्टोबर १९४९ रोजी पोप बारावे पायस यांनी या मातेला सायकलपटूंची आश्रयदात्री घोषित केले. आत भिंतींवर कोप्पी आणि बार्ताली यांच्या सायकली टांगलेल्या आहेत. तेथेच फाबिओ कासार्तेल्लीची वाकलेली सायकल आहे. १९९२ च्या ऑलिंपिकचा हा विजेता १८ जुलै १९९५ रोजी पिरेनीजमधल्या एका उतारावर पडून मरण पावला. तिच्याखाली कोणी महाकाव्य लिहिलेले नाही.

इतके सांगून झाल्यावर मी ज्या पुस्तकासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. टिम क्राबे या डच लेखकाचे ‘द रेनर’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. सॅम गॅरेट यांचे इंग्रजी भाषांतर ‘द रायडर’ २००२ मध्ये आले. क्राबे बुद्धिबळाचा जाणता खेळाडू, आणि ज्यावरून ‘स्पूरलोस’ हा चित्रपट निघाला त्या ‘सोन्याचे अंडे’ या लघुकादंबरीचा (१९८४) लेखक. तिशीच्या उंबरठ्यावर, म्हणजे व्यावसायिक होण्याची वेळ टळून गेल्यावर, तो शर्यतीत उतरला. पुस्तकात एकच शर्यत आहे: २६ जून १९७७, दक्षिण फ्रान्समधील मेरुएस गाव, मों एग्वाल या डोंगराभोवतीची हौशी स्पर्धकांची फेरी. प्रकरणांना नावे नाहीत. किलोमीटरांचे आकडे आहेत. वाचक काही तास त्याच्या खोगिरावर बसतो आणि शेवटी उतरतो.

आपल्याकडे सायकल हे फार दिवस कामाचे वाहन होते. दूधवाला, टपालवाला, गोव्यातला भोंगा वाजवीत येणारा पोदेर, यांची ती. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, तेवढी आपली या महाकाव्याशी सोयरीक. केवळ चालवण्यासाठी सायकल चालवणे म्हणजे काय, हे क्राबेच्या पुस्तकात जितके कळते तितके अन्यत्र कळत नाही. त्याला मागच्या दंतचक्राच्या दात्यांची संख्या प्रेयसीच्या नावासारखी प्रिय आहे. चढावर तो काय विचार करतो? काहीच नाही. एक निरर्थक अक्षरसमूह डोक्यात फिरत राहतो, बस्स. किती लेखकांना स्वतःच्या डोक्यातला हा रिकामेपणा कबूल करवेल? आम्हा धर्मगुरूंना जपमाळेच्या तिसऱ्या दशकात होणाऱ्या अवस्थेची आठवण येते, पण ही तुलना मी पुढे रेटणार नाही.

साक्षीच्या प्रश्नाला त्याने मधेच एका किश्शात हात घातला आहे. जाक आंकतिल चढ लागला की पाण्याची बाटली सायकलीवरून काढून पाठीच्या खिशात ठेवी, असे त्याचा डच सहकारी आब खेल्डरमान्स याने सांगितले. एकूण वजन तेच राहते, पण सायकल हलकी होते, आणि स्पर्धकाच्या मनाला तेवढे पुरते! नंतर क्राबेने छायाचित्रे पाहिली. चढावर बाटली आपल्या जागीच होती. त्यावर त्याचा निवाडा असा, की किस्सा स्पर्धकाच्या आत्म्याशी इमान राखतो म्हणून तोच खरा, छायाचित्रेच चुकीची. हा विनोद आहे आणि उत्तम आहे. पण छायाचित्रांचा उल्लेख त्याने गाळला नाही, हे महत्त्वाचे. दंतकथा सांगून तिच्याविरुद्धचा पुरावा तो त्याच पानावर ठेवतो. बार्तालीच्या चरित्रकारांनी एवढे जरी शिकले तरी पुरे.

यातनेविषयी त्याचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. १९१० च्या मिलान-सान रेमो शर्यतीत युजीन क्रिस्तोफ हिमवादळातून गेला आणि जिंकला. मोजकेच स्पर्धक पोहोचू शकले. क्राबे ही हकीकत सांगतो आणि यातनेची परतफेड निसर्ग आनंदाने करतो, जितके सोसावे तितके स्मृतीत गोड, असा काहीसा हिशेब मांडतो. वाळवंटातल्या तपस्व्यांना हा हिशेब ठाऊक होता, आणि त्यांनी त्याचीच धास्ती घेतली होती. उपवासाच्या गोडीला ते अहंकाराचे पहिले पाऊल समजत. क्राबेला ती धास्ती नाही. त्याच्या जगात देव नाही आणि, हे त्याचे खरे उणेपण, शेजारीही नाही. सोबतच्या स्पर्धकांना तो बुद्धिबळपटूच्या नजरेने अचूक पाहतो, पण त्यांच्यापैकी एकासाठीही तो थांबत नाही. पुस्तकाच्या आरंभीच, कॅफेबाहेर बसून पाहणाऱ्या लोकांविषयी त्याने जी तुच्छता दाखवली आहे ती मला खटकते. ते लोक नसते तर त्याची शर्यत भरलीच नसती. पण आपल्या यातनेला त्याने कोणताही उदात्त पोशाख चढवलेला नाही, क्रूसाचा नाही आणि अकिलीसचाही नाही. ती निरुपयोगी आहे हे जाणून तो ती मागतो. या स्वच्छतेमुळे त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.

आणि तो हरतो. दिवसभर इतरांच्या चाकाच्या आडोशाने शक्ती राखून आलेला एक तरुण शेवटच्या धावेत त्याला मागे टाकतो. क्राबे कादंबरीकार आहे. त्याला स्वतःला जिंकवता आले असते, किंवा हरण्याला एखादी भव्य उपमा देता आली असती. तो फक्त सांगतो, की कोणत्या क्षणी त्याने कोणता गिअर टाकला होता आणि पायांत काय उरले होते. त्या दिवशी मेरुएसच्या रस्त्याच्या कडेला जे उभे होते त्यांना यांतले काहीच दिसले नसणार. त्यांना एवढेच दिसले असेल, की आपल्याकडचा एक पोरगा पहिला आला आणि त्याच्या चाकामागोमाग कोणी परदेशी माणूस.